चेक डॅममध्ये काय चेक करतात?

‘वाचक विचारतात’ या सदराकडे शब्दांविषयीची पत्रे अधूनमधून येतच असतात. या वेळी मात्र मराठवाड्याच्या निरनिराळ्या गावांहून आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच इंग्रजी क्रियापदाकडे आहे. ते क्रियापद म्हणजे ‘चेक करणे’. ती पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राच्या उत्तराला जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : आमच्या शिवारातील नाल्यावर सिमेंटचा बांध झाला आहे. आम्ही त्याला बंधाराच म्हणतो, पण फलकावर ‘चेक डॅम’ असे लिहिलेले आहे. चेक करणे म्हणजे तपासणे, एवढे इंग्रजी आम्हाला कळते. मग या बांधात कोण काय तपासतो? की हा ‘चेक’ वेगळा आहे?
— एक शेतकरी वाचक, केज तालुका, जि. बीड

उत्तर : हा ‘चेक’ वेगळा नाही. तो त्याच क्रियापदाचा जुना अर्थ आहे, आणि तपासण्याचा अर्थ त्याला फार उशिरा चिकटलेला आहे. चेक डॅममधील ‘चेक’ म्हणजे अडवणे, वेगाला आवर घालणे. उतारावरून सुसाट येणाऱ्या पावसाच्या पाण्यापुढे नाल्याच्या पात्रात आडवा बांध घातला की पाण्याचा जोर मोडतो, त्याने वाहून आणलेला गाळ बांधाच्या वरच्या अंगाला बसतो, काठ खचायचे थांबतात आणि साठलेल्या पाण्याला जमिनीत मुरायला अवधी मिळतो. मग तो बांध अनघड दगडांचा असो, जाळीत दगड भरलेला गॅबियन असो किंवा आपल्याकडे झाला आहे तसा सिमेंटचा असो. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पाणी सहजासहजी मुरत नाही, त्यामुळे या अवधीचे मोल आपल्याला कोणी सांगायला नको. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेतील ‘अडवा’ हे पद म्हणजे चेक डॅममधील ‘चेक’चे अचूक मराठी आहे. जलसंधारणाच्या सरकारी कागदांत ‘सिमेंट नाला बांध’ हे नाव रूढ असताना फलक रंगवणाऱ्यांना ‘चेक डॅम’ का लिहावेसे वाटते, हे एक कोडेच आहे.

अडवण्याचा अर्थ ‘चेक’ला कोठून आला, हा खरा मनोरंजक भाग आहे. तो आला बुद्धिबळाच्या पटावरून. भारतात जन्मलेला चतुरंग हा खेळ साधारणपणे सहाव्या शतकाच्या सुमारास इराणात गेला आणि तेथे त्याचे ‘चतरंग’ झाले. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर अरबी उच्चारात तोच खेळ ‘शतरंज’ झाला. पुढे अरबांच्या हाताने तो स्पेन आणि सिसिलीच्या वाटेने युरोपात पोहोचला. या प्रवासात खेळाचे नाव बदलत गेले, सोंगट्यांची रूपे बदलली, आपला वजीर तिकडे राणी झाला. पण एक शब्द मात्र खेळाडूंच्या तोंडी इराणीच राहिला. समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की त्याला सावध करण्यासाठी इराणी खेळाडू ‘शाह!’ असे म्हणत. ‘राजा सांभाळ’ एवढाच त्याचा अर्थ. मराठीत आपण त्यालाच ‘शह’ म्हणतो. युरोपातील लॅटिन लिहिणाऱ्यांनी त्या ‘शाह’चे ‘स्काकुस’ केले, कारण शब्दाच्या शेवटचा हकार त्यांच्या कानाला ककारासारखा वाटला असावा. फ्रेंच लोकांना शब्दारंभीचे ‘स्क’ हे जोडाक्षर जड जात असल्यामुळे त्यांनी त्यापुढे एक ‘ए’ लावला आणि ‘एस्चेक’ असे रूप केले. आपल्याकडे ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ होते, त्यातलाच हा प्रकार आहे. इंग्रजांनी तो शब्द फ्रेंचांकडून घेताना पुढचा ‘ए’ आणि ‘स’ गाळून ‘चेक’ एवढेच ठेवले. बुद्धिबळाचे इंग्रजी नाव ‘चेस’ हे याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून आलेले आहे. व्युत्पत्तीने पाहिले तर ‘चेस’ म्हणजे ‘अनेक शहा’.

इराणी ‘शाह’ आपल्यालाही परका नाही. प्राचीन इराणी शिलालेखांत राजाला जो शब्द आहे, त्याचा धातू आणि संस्कृतातील ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ यांचा धातू एकच आहे. सत्ता गाजवणे हा त्याचा मूळ अर्थ. पैठणच्या सातवाहनांनी ज्यांच्याशी झुंज दिली त्या क्षत्रपांचे बिरुदही त्याच घराण्यातले, म्हणजे इराणी ‘क्षत्र’ सांभाळणाऱ्या सुभेदाराचे आहे. मोबाइलचा मेसेज ‘चेक करणारा’ माणूस क्षत्रियाचा भाषिक भाऊबंद ठरतो, हे ऐकायला गमतीचे वाटले तरी व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यात अतिशयोक्ती नाही.

आता अर्थाकडे येऊ. राजाला शह बसला की खेळाडूचे बाकीचे सगळे बेत जागच्या जागी थांबतात. घोडा कितीही मोक्याच्या घरात असला, हत्तीची रांग कितीही मोकळी असली, तरी आधी राजा सोडवावा लागतो. दुसरी खेळी करण्याची मुभाच नसते. या सक्तीच्या थांबण्यातूनच चौदाव्या शतकात इंग्रजीत ‘चेक’ला ‘एकाएकी रोखणे, वाट अडवणे’ हा अर्थ आला, आणि सतराव्या शतकापर्यंत ‘आवर घालणे, काबूत ठेवणे’ हा अर्थही चांगला रुळला. तपासून पाहण्याचा अर्थ त्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. म्हणजे इंग्रजांनी सुमारे तीनशे वर्षे हा शब्द तपासण्याखेरीज इतर सगळ्या कामांना वापरला. चेक डॅम हा या जुन्या अर्थाचा वंशज आहे. शत्रूची आगेकूच, रोगाचा फैलाव किंवा महागाई ‘चेक’ केली असे इंग्रजी वर्तमानपत्रांत छापून येते, तेव्हाही हाच अर्थ असतो. तेथे ‘महागाई तपासली’ असे भाषांतर करणाऱ्यांची संख्या कमी नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दोन्ही अर्थ एकाच जागी पाहायचे असतील तर कोणत्याही चेकनाक्यावर उभे राहावे. आडवा बांबू टाकून गाडी थांबवतात तो शब्दाचा जुना अर्थ, आणि थांबलेल्या गाडीचे कागद पाहतात तो नवा. निजामाच्या राज्यात सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते, तेथेही अडवणे आणि पाहणे ही दोन्ही कामे एकाच झापाखाली चालत. मुक्तिसंग्रामात लोकांनी हे नाके लक्ष्य केले, ते त्यांतील पहिल्या कामामुळे.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. चेक या शब्दाचे ब्रिटिश (cheque) आणि अमेरिकन (check) स्पेलिंग वेगवेगळे का आहे? आणि हा चेक ‘तपासण्या’वरून आला आहे का?
— एक बँक कर्मचारी, नांदेड

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, पण त्यात एक मेख आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ‘चेक’ म्हणत ते ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या कागदाला म्हणत नसत. देयकाचा जो भाग फाडून मागे ठेवला जाई, ज्याला आपण ‘स्थळप्रत’ म्हणतो, तो भाग म्हणजे चेक. पुढे कोणी खोटा कागद घेऊन आला तर त्याला स्थळप्रतीशी जुळवून पाहावे आणि लबाडीला तेथेच आळा घालावा, यासाठी ती असे. या एका कृतीत आवर घालणे आणि पडताळून पाहणे हे दोन अर्थ एकमेकांत कसे मिसळले, हे स्पष्ट दिसते. कालांतराने स्थळप्रतीचे नाव मूळ कागदाला पडले आणि स्थळप्रतीला दुसरे नाव शोधावे लागले.

ब्रिटिश स्पेलिंगच्या शेवटचा ‘que’ हा झुबका मात्र दुसऱ्या एका शब्दाच्या प्रभावाने आला. तो शब्द ‘एक्सचेकर’, म्हणजे राजाची तिजोरी व हिशेब खाते. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चान्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. अमेरिकेने जुने साधे स्पेलिंग ठेवले. आपल्याकडचा १८८१चा परक्राम्य संलेख अधिनियम ब्रिटिशांनी केलेला असल्यामुळे आपण त्यांचेच वळण गिरवतो, आणि न वटलेल्या धनादेशाचे ते प्रसिद्ध कलम १३८, जे १९८८च्या दुरुस्तीने त्यात आले, तेही त्याच स्पेलिंगात आहे.

‘एक्सचेकर’ची हकिगत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण तीही पटावरच जाते. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ‘बुद्धिबळाचा पट’ असा आहे. पहिल्या हेन्रीच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, इंग्लंडच्या राजाचे हिशेब एका मोठ्या मेजावर होत असत. त्या शतकाच्या उत्तरार्धात रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने या कचेरीचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. मेज सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद. त्याला चार बोटे उंच काठ, म्हणजे वर ठेवलेले काही घरंगळू नये. आणि त्यावर आडव्या-उभ्या रेघांनी चौकटी पाडलेले काळे कापड. उभ्या रकान्यांपैकी एक पेन्सचा, एक शिलिंगांचा, एक पौंडांचा, आणि पुढे विसांचे, शेकड्यांचे, हजारांचे रकाने असत. वसुली आणणारा शेरीफ एका बाजूला बसे आणि खजिनदार दुसऱ्या बाजूला. येणे किती आणि भरले किती, याच्या चकत्या चौकटींत मांडून सरकवल्या जात. अक्षरशत्रू शेरिफालाही आपली बाकी डोळ्यांनी दिसावी, ही त्यातली सोय होती. पटावर जशी दोन राजांची लढाई चालते तशी येथे खजिनदार आणि शेरीफ यांची चालते, असे फिट्झनीलने स्वतःच म्हटले आहे.

याच कचेरीत पावतीऐवजी खाचा पाडलेल्या काठ्या वापरत. काठी उभी चिरून एक अर्ध सरकारकडे व दुसरे भरणा करणाऱ्याकडे राही, आणि वाद झाला की दोन्ही अर्धे शेजारी ठेवून खाचा जुळतात का ते पाहत. त्या काठीचे नाव ‘टॅली’. मोंढ्यात आडत दुकानातील मुनीम ‘हिशेब टॅली होईना’ म्हणतो, तेव्हा तो नकळत याच काठ्या जुळवत असतो. अशा जुन्या काठ्यांचे ढीग १८३४ साली लंडनच्या संसदेच्या भट्टीत जाळायला घातले आणि त्या आगीत संसदेची इमारतच भस्मसात झाली. हिशेबाच्या जुन्या कागदांची विल्हेवाट कशी लावू नये, याचा याहून महागडा दाखला सापडणे कठीण आहे.

आता आपण विचारले नसले तरी याच्याशी निगडित असे एक सांगावेसे वाटते. ‘कंट्रोल’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘प्रतिवही’, म्हणजे मूळ नोंदवहीशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी, असा आहे. त्यावरून क्रियापद झाले तेव्हा ‘कंट्रोल करणे’ म्हणजे ‘नोंदी ताडून पाहणे’ होते, आणि पुढे त्याचा अर्थ ‘ताब्यात ठेवणे’ झाला. ‘चेक’ नेमका उलट दिशेने चालला. तो ‘रोखणे’ या अर्थापासून निघून ‘ताडून पाहणे’ या अर्थापर्यंत आला. आपल्या भागात स्वस्त धान्य दुकानाला कित्येक घरांत आजही ‘कंट्रोल’ म्हणतात आणि ‘कंट्रोलचे तांदूळ’ आणतात. तेथे शिधापत्रिकेवरची नोंद दुकानदाराच्या नोंदीशी जुळवली जाते, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थही तेथे जिवंत आहे.

एसटीत तिकीट तपासनीस चढतो तेव्हा तो काय करतो, तेही या दृष्टीने पाहावे. प्रवाशाच्या हातातील तिकीट हा त्याच्या कामाचा अर्धाच भाग असतो. जुन्या पद्धतीत वाहकाच्या पेटीतील तिकिटांच्या गड्ड्या कोणत्या क्रमांकापर्यंत फाडल्या गेल्या आहेत, वे-बिलावर मागच्या थांब्याला कोणता क्रमांक लिहिला आहे आणि गाडीत माणसे किती आहेत, या तिन्हींचा तो मेळ घाली. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी समोरासमोर ठेवणे हा ‘चेक’च्या तपासणीवाचक अर्थाचा गाभा आहे. नुसते पाहणे म्हणजे चेक करणे नव्हे.

प्रश्न : ‘चेकमेट’ म्हणजे ‘राजा मेला’ असे मी वाचले आहे. पण बुद्धिबळात राजा मरत नाही. मग हा अर्थ कसा?
— बुद्धिबळाचे एक प्रशिक्षक, जालना

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ‘चेकमेट’ हे ‘शाह मात’ या शब्दांचे युरोपीय रूप आहे, याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो ‘मात’विषयी. अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’ असा अर्थ होतो, म्हणून ‘राजा मेला’ हे स्पष्टीकरण फार पूर्वीपासून चालत आले आहे. फारसीत मात्र ‘मात’ म्हणजे निरुपाय झालेला, चकित होऊन खिळलेला. पटावर जे घडते त्याच्याशी हा दुसरा अर्थ तंतोतंत जुळतो, कारण राजाला मारून पटाबाहेर काढण्याची वेळ कधी येतच नाही. त्याला हलायला घर उरले नाही की डाव संपतो. आमचा कौल या दुसऱ्या अर्थाला आहे.

निरुपाय झालेला राजा कसा असतो, याचे उदाहरण आपल्याच प्रदेशाच्या इतिहासात आहे. १७२८ साली फेब्रुवारीअखेर वैजापूरजवळ पालखेड येथे थोरल्या बाजीरावांनी निजामुल्मुल्काला गाठले. निजामाचा तोफखाना मोठा होता आणि मोकळ्या मैदानात त्याच्याशी भिडणे मराठ्यांना परवडणारे नव्हते. बाजीरावांनी त्याला आपल्या मागे धावायला लावले, तोफांचे लोढणे मागे पाडायला लावले, आणि पाण्यापासून व रसदेपासून तोडून चहूबाजूंनी कोंडले. निजाम मेला नाही, कैदही झाला नाही. त्याला घर उरले नाही एवढेच, आणि मार्चच्या आरंभी त्याला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला. ‘शाह मात’ची फोड विद्यार्थ्यांना सांगताना हा दाखला अवश्य द्यावा.

मराठीने या जोडीतील दोन्ही शब्द पटाबाहेर आणले. शह देणे, काटशह, शह बसणे हे राजकारणाच्या बातम्यांत रोज येते, आणि ‘मात करणे’ तर इतके घरचे झाले की दुष्काळावर मात करताना कोणाला पट आठवत नाही. ‘प्यादेमात’ मात्र आता जुन्या खेळाडूंच्याच तोंडी ऐकू येते. उलट इंग्रजीत ‘मेट’ पटावरच राहिला आणि ‘चेक’ जगभर फिरला. एक सावधगिरी येथे सांगायला हवी. हिंदी-उर्दूत ‘शह देना’ म्हणजे चिथावणी देणे, पाठबळ पुरवणे. मराठीत शह देणे म्हणजे रोखणे. मराठवाड्यात दोन्ही भाषा कानावर असल्यामुळे ‘गुंडांना शह देणारे पुढारी’ असे वाक्य वाचले की लिहिणाऱ्याने पुढाऱ्याची निंदा केली आहे की स्तुती, हे ठरवताना थबकावे लागते. मराठी वाक्यात मराठीच अर्थ धरावा.

आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगी पडेल. चतुरंगाचे वर्णन ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आहे. तो ११२९च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने रचला. ते कल्याणी म्हणजे उमरग्याहून फार दूर नसलेले आजचे बसवकल्याण. पुढे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नीलकंठभट्टांनी आपल्या ‘नीतिमयूख’ या ग्रंथात या खेळाचे नियम दिले. नीलकंठभट्ट काशीचे, पण त्यांचे भट्ट घराणे मूळचे पैठणचे. म्हणजे इंग्लंडातील हिशेबनीस ज्या बाराव्या शतकात चौकटींच्या कापडावर चकत्या सरकवत होते, त्याच शतकात आपल्या शेजारी कल्याणीला पटाची शास्त्रीय मांडणी होत होती.

प्रश्न : चेक्सच्या शर्टाचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?
— एक शिवणकाम व्यावसायिक, परभणी

उत्तर : आहे, आणि तो सरळ आहे. पटासारख्या चौकटी असलेले कापड ते ‘चेकर्ड’, आणि त्याचे आखूड रूप ‘चेक्स’. आपल्याकडे त्यासाठी ‘चौकडा’ हा चांगला शब्द आहे आणि ‘चौकड्याचे कापड’ म्हटले तर गिऱ्हाइकाला लगेच कळते. पटासारख्या त्या चौकटी काळ्या-पांढऱ्याच असल्या पाहिजेत असे मात्र नाही. रंग कोणतेही चालतात.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात ‘चेक्स अँड बॅलन्सेस’चे भाषांतर काही पुस्तकांत ‘तपासणी व समतोल’ असे आहे, तर काहींत ‘नियंत्रण व संतुलन’ असे आहे. योग्य कोणते?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ‘नियंत्रण व संतुलन’ योग्य आहे. ‘तपासणी’ येथे चूकच आहे, आणि ती चूक आजच्या बोलण्यातील अर्थ अठराव्या शतकातील संज्ञेवर लादल्यामुळे झालेली आहे. विधिमंडळ, कार्यकारी यंत्रणा आणि न्यायपालिका यांनी एकमेकींचे दप्तर तपासावे, एवढीच ही कल्पना असती तर लेखापरीक्षणाने भागले असते. कोणतीही एक सत्ता बेलगाम धावू लागली की दुसरीने तिला शह द्यावा, अशी तिची खरी रचना आहे. संसदेने केलेला कायदा राज्यघटनेच्या विरुद्ध असेल तर न्यायालय तो रद्द ठरवते, राष्ट्रपती विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, आणि लोकसभा अविश्वासाचा ठराव करून मंत्रिमंडळ घालवू शकते. हे सगळे ‘चेक’ आहेत आणि त्यांतील एकही तपासणी नाही. ‘अंकुश’ हा शब्दही येथे शोभतो, पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत रूढ संज्ञाच लिहावी.

जाता जाता एक विसंगती नजरेस आणून देतो. ‘लोकशाही’तील ‘शाही’ हा प्रत्यय त्याच इराणी ‘शाह’पासून आलेला आहे. दौलताबादला निजामशाही होती, म्हणजे निजामशहाचे राज्य होते. त्याच साच्यात पुढे आपण हुकूमशाही, नोकरशाही आणि लोकशाही पाडली. तेव्हा ‘लोकशाहीतील चेक्स’ या शब्दसमूहात राजा नसला तरी शहा दोनदा आहे.

प्रश्न : लेखनात ‘चेक करणे’ टाळायचे असेल तर कोणते मराठी शब्द वापरावेत? मुद्रितशोधनाच्या कामात ही अडचण रोज येते.
— एक मुद्रितशोधक, हिंगोली

उत्तर : ‘चेक करणे’च्या जागी सरसकट ‘तपासणे’ बसवण्याची सवय आधी सोडावी लागेल, कारण बोलताना आपण ‘चेक’वर पाचसहा क्रियापदांचे ओझे टाकलेले असते. डॉक्टर नाडी पाहतात, रक्त तपासतात. मुनीम काटापट्टी आणि आडत्याची पट्टी ताडून पाहतो. सोनार सोने पारखतो. बातमी खरी की खोटी याची शहानिशा करतात. भाजीत मीठ बरोबर आहे का ते चाखून बघतात. घरात कोणी आले आहे का ते डोकावून बघतात. गाडीची हवा अजमावतात. वरील प्रत्येक ठिकाणी आजकाल ‘चेक’ चालतो, आणि बोलण्यात तो चालला म्हणून आमची तक्रार नाही. छापील मजकुरात मात्र कर्त्याने नक्की काय केले, ते विचारून क्रियापद निवडावे. दोन नोंदींचा मेळ घातला असेल तर ‘पडताळणे’ हा सर्वांत काटेकोर शब्द आहे आणि इंग्रजी क्रियापदाच्या इतिहासाशीही तोच सर्वांत जवळचा आहे. रोखण्याचा अर्थ असेल तर आळा घालणे, आवर घालणे, अटकाव करणे, पायबंद घालणे, लगाम घालणे यांतून निवडण्याइतकी आपली भाषा श्रीमंत आहे. हॉटेलातील ‘चेक इन’ आणि ‘चेक आउट’ तसेच राहू द्यावेत. ते विसाव्या शतकातील व्यवहाराचे शब्द आहेत, आणि ‘आगमन-नोंद’ लिहिले तर लॉजच्या गल्ल्यावरचा माणूसही विचारात पडेल.

प्रश्न : युरोपातील ‘चेक’ देशाचे नाव यावरूनच पडले का?
— एक विद्यार्थी, औसा, जि. लातूर

उत्तर : नाही. ते तेथील स्लाव्ह लोकांचे स्वतःचे नाव आहे, आणि चेख नावाच्या मूळपुरुषावरून ते पडले अशी त्यांची दंतकथा आहे. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग पोलिश वळणाचे आहे, म्हणून मराठीत कोणी ‘झेक’ लिहितात. उच्चाराच्या दृष्टीने ‘चेक’ बरोबर आहे. क्रियापदाशी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे आहे.